बांगला चार

चारुदत्त टिपणीसला मी शिकवलं, हे मी आजवर पुष्कळांना ऐकवलं आहे. त्याचं नाव होऊ लागल्यावर तर कोणी न विचारता ऐकवलं आहे. त्याच्या शिकाऊपणातल्या तीन दिवसांच्या चौकशीचा विषय निघाला, की मात्र मी पानसुपारी मागवतो किंवा हवामानावर बोलतो. आता निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, की कोणी विचारतही नाही. तेव्हा सांगायला हरकत नसावी.

साल १९७४. नागपूरहून कलकत्त्याला बदली होऊन मला दीड वर्ष झालं होतं. काम एअर ट्रॅफिक कंट्रोलरचं. येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांना एकमेकांपासून लांब ठेवायचं, एवढंच ते काम. दोन विमानं एकाच जागी येणार असतील तर त्यांच्यात उंचीचं निदान हजार फूट अंतर हवं. हे अंतर आम्हाला डोळ्यांनी दिसत नसे. आम्ही बसायचो त्या खोलीला खिडकी नव्हती, आणि रडारवर विसंबायचे दिवस अजून यायचे होते. जे काही होतं ते कागदावर.

प्रत्येक विमानाची एक स्ट्रिप असे. दोन बोटं रुंद, वीतभर लांब अशी कागदाची पट्टी. विमानाला नवी उंची दिली, की पेन्सिलीने जुना आकडा खोडायचा आणि शेजारी नवा लिहायचा, इंग्रजीत आणि हजार गाळून. नियमाप्रमाणे तो कंट्रोलरने लिहायचा. पण गर्दीच्या वेळी कंट्रोलर बोलण्यात गुंतलेला असला, की त्याच्या डावीकडचा असिस्टंट हेडफोनवर ऐकून लिहून टाकी. ज्याचा हात मोकळा त्याने लिहायचं, असा आमचा रिवाज पडला होता. तो पुस्तकात नव्हता, त्यामुळे सुरळीत चालला होता.

आमचे असिस्टंट निमाई भौमिक. निवृत्तीला चौदा महिने राहिलेला, बारीक अंगाचा, कमी बोलणारा माणूस. लढाईच्या काळात ते गोऱ्यांच्या विमानतळावर कारकून होते. चारचं डोकं उघडं ठेवायचं आणि सातच्या मधोमध आडवी रेघ मारायची, हे त्यांना तिथल्या एका सार्जंटने ओरडून ओरडून शिकवलं होतं. नंतर आमच्या खात्यात सव्वीस वर्षं झाली, पण त्यांच्या सर्व्हिस बुकात लाल शाईचा एक शेरा नव्हता. जायच्या आधी सुपरवायझरची जागा मिळावी, एवढी एकच इच्छा ते कधीमधी बोलून दाखवत.

आणि शिकाऊ कंट्रोलर चारुदत्त. टिपणीस मंडळी तीन पिढ्या कलकत्त्यातल्याच बागबाजारात राहत होती. मराठ्यांना शहराबाहेर ठेवायला इंग्रजांच्या अमदानीत जो खंदक खणला, त्याचं उत्तरेचं टोक बागबाजारात. तिथेच नेमकं टिपणिसांनी बिऱ्हाड केलं, यावरून आमच्या मराठी मंडळात त्यांची कायम थट्टा व्हायची. चारुदत्तचे वडील शाळेत गणित शिकवायचे. ते दोन वर्षांपूर्वी गेले. घरात त्याची आई, म्हणजे आमच्या कालिंदीवहिनी, आणि हा. पोरगा हुशार, मान खाली घालून काम करणारा. मराठी मात्र त्याचं ऐकत बसावं असं. बंगाल्यांसारखं पाणी खायचा, चहाही खायचा. बांगलात लिंगांची भानगड नाही, त्यामुळे याच्या तोंडी 'माझा आई' आणि 'तुमचा चप्पल'. मला व्याकरणाची खोड आहे. मी त्याला दर वेळी सुधारायचो आणि तो दर वेळी हसून माझ्यामागून बरोबर शब्द म्हणायचा. कामावर तो मला सर म्हणे, बाहेर काका.

आता मॅचचं सांगायला हवं, कारण सगळं तिथून येतं.

डिसेंबरात मंडळाची वार्षिक मॅच व्हायची, लग्न झालेले विरुद्ध बिनलग्नाचे. १९७३ च्या डिसेंबरात ती मैदानाच्या एका कोपऱ्यात झाली. अंपायर मराठी असला की भांडणं होतात असा अनुभव होता, म्हणून मी निमाईबाबूंना गळ घातली आणि ते बिचारे सुट्टीच्या दिवशी पांढरा कोट चढवून आले. धावा लिहायला चारुदत्त. लग्न झालेल्यांचा कप्तान मी. आमचा डाव आधी झाला. संध्याकाळी विनायक परांजपे या बँकेतल्या गृहस्थांनी बेरीज केली आणि लग्न झालेले नऊ धावांनी जिंकल्याचं जाहीर केलं. आम्ही लाडू वाटायला घेतले. तेवढ्यात निमाईबाबूंनी स्कोअरबुक हातात घेतलं, पान जवळ धरलं आणि हसायला लागले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"एका चेंडूवर आठ धावा कशा निघतील?" ते म्हणाले. "ए तो आमादेर चार!"

हे तर आमचे चार. बांगलातला चार इंग्रजी आठसारखाच दिसतो. चारुदत्तने बाकी सगळे आकडे इंग्रजीत लिहिले होते आणि घाईच्या षटकांत आमचे तीन चौकार बांगलात. परांजप्यांनी त्या तिन्हींचे आठ-आठ धरले. बारा धावा वजा झाल्या आणि आम्ही तीन धावांनी हरलो. लाडू त्यांच्याकडे गेले.

"टिपणीस," मी म्हणालो, "आडनाव तरी राख. निदान एका लिपीत टिपून ठेव."

"मला कळतच नाही, काका," तो म्हणाला. "घाई झाली की हात आपोआप बांगला लिहितो."

हे वाक्य त्याने मला सांगितलं. मी त्याचा शिक्षक होतो, आठवड्यातले पाच दिवस त्याच्या खुर्चीमागे उभा राहून तो काय लिहितो ते बघत होतो. मी हसलो, त्याच्या पाठीवर थाप मारली आणि स्कोअरबुक बगलेत मारून घरी आलो.

पुढच्या महिन्यात, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, ते घडलं.

सकाळपासून धुरकट होतं. कलकत्त्यात जानेवारीत धुकं, चुली आणि गिरण्या मिळून जे तयार होतं त्याला मराठीत शब्द नाही. अकराच्या सुमारास ते जरा विरळ झालं आणि ठिकठिकाणी अडकून पडलेली विमानं एकदम आमच्याकडे निघाली. माइकवर चारुदत्त, त्याच्या डावीकडे निमाईबाबू आणि मागे मी. शिकाऊ माणूस बोलत असताना शिक्षकाने हेडफोन लावून त्याचा शब्दन्‌शब्द ऐकायचा, स्ट्रिपवर नजर ठेवायची आणि चूक दिसली की माइक काढून घ्यायचा. मला त्याचाच पगार मिळत होता.

गुवाहाटीहून संत्र्यांच्या पेट्या घेऊन एक डाकोटा येत होतं. ते नऊ हजार फुटांवर होतं. आमच्याकडे बीकन नावाचा रेडिओचा खांब होता. उतरायची पाळी येईपर्यंत विमानं त्याच्या डोक्यावर घिरट्या घालत, एकावर एक, हजार-हजार फुटांच्या अंतराने. चारुदत्तने डाकोटाला चार हजारांवर उतरून तिथे थांबायला सांगितलं. पायलटने 'चार हजार' असं उलट म्हणून दाखवलं. रेडिओवरचं सगळं बोलणं टेप होत असे; त्या टेपवर दोन्ही वाक्यं स्वच्छ आहेत. स्ट्रिपवरचा नऊ खोडला गेला, शेजारी नवा आकडा आला. तोवर दुसरं एक विमान निघायची परवानगी मागत होतं आणि तिसरं आपण कुठवर आलो ते सांगत होतं.

नेमका तेव्हाच भिंतीवरचा टेलिफोन वाजला.

कँटीनमधून फोन होता. भाजी संपली आहे, साहेबांना आज झोल चालेल का? झोल म्हणजे माशाचा रस्सा. दीड वर्ष मी या लोकांना सांगत होतो, की मी मासे खात नाही, झोलही खात नाही आणि माशाचा तुकडा बाजूला काढून राहिलेला रस्साही खात नाही. मी हेडफोन एका कानावरून सरकवला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगू लागलो. त्यात पाच-सहा मिनिटं गेली.

तेवढ्यात एक फोकर, एक्केचाळीस उतारू घेऊन, बीकनवर सहा हजारांवर आलं आणि खाली यायची परवानगी मागू लागलं. चारुदत्तने स्ट्रिपांवरून नजर फिरवली. डाकोटाच्या स्ट्रिपवर आठ दिसला. डाकोटा आठ हजारांवर म्हणजे फोकरच्या वर, खाली सगळं मोकळं. त्याने फोकरला चार हजार दिले.

मी टेलिफोन ठेवून हेडफोन नीट केला तेव्हा डाकोटाचा पायलट बोलत होता. "माझ्या डोक्यावरून आत्ता कोण गेलं? त्याच्या पोटावरची अक्षरं वाचली मी."

आवाज चढलेला नव्हता. ते जुने डाकोटावाले आवाज चढवत नसत. मी माइक ओढून घेतला, फोकरला पाच हजारांवर चढवलं आणि मग दोघांना एकामागून एक उतरवलं. फोकरमधल्या उतारूंना काही कळलंही नाही. ते बाहेर टॅक्सीसाठी भांडत असतील त्या वेळी चारुदत्त भिंतीला टेकून उभा होता आणि एकच वाक्य म्हणत होता.

"आठ लिहिलंय, काका. बघा ना, आठ लिहिलंय."

कामावर त्याने मला काका म्हणण्याची ती पहिलीच वेळ. मी स्ट्रिप पाहिली. आठ होता. म्हणजे आठसारखा होता. मला त्याच क्षणी लाडू आठवले.

चौकशीला दिल्लीहून कृष्णमूर्ती नावाचे अधिकारी आले. सडसडीत, गळ्याला मफलर, कॉफीचा थर्मास स्वतःचा. पहिल्या दिवशी त्यांनी टेप ऐकली आणि स्ट्रिप भिंगाखाली धरली. टेपवर चार, कागदावर आठ. आमचे स्थानिक साहेब चष्मा लावून पुढे वाकले आणि सुटल्यासारखे म्हणाले, "हा आठ नव्हेच. हा बांगला चार आहे."

त्याबरोबर सगळ्यांनी निमाईबाबूंकडे पाहिलं. बांगला आकडा म्हणजे बंगाली माणसाने लिहिलेला. टिपणीस तर मराठी. तो कशाला बांगलात लिहील? कृष्णमूर्तींनी खात्री करून घ्यायची म्हणून मला विचारलं, "तुम्हा मराठी लोकांत आकडे कसे लिहितात?"

"देवनागरीत," मी म्हणालो.

यात खोटं काहीच नव्हतं.

त्यांनी दोघांना विचारलं, आकडा कोणी लिहिला. चारुदत्त म्हणाला, आठवत नाही. निमाईबाबू म्हणाले, "मलाही आठवत नाही. पण ड्यूटीवर मी सव्वीस वर्षांत बांगला आकडा लिहिलेला नाही." मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याचा पेला उचलला. मॅचची गोष्ट ते विसरले असणार, असं मी मनाशी ठरवून टाकलं. म्हातारा माणूस, महिना उलटून गेलेला.

काय पणाला लागलं होतं ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. आकडा निमाईबाबूंचा ठरला, तर चारुदत्तने समोर जे आलं ते वाचलं, एवढंच होतं. त्याला ताकीद मिळाली असती आणि शिक्षण पुढे चाललं असतं. निमाईबाबूंच्या सर्व्हिस बुकात मात्र शेरा आला असता आणि सुपरवायझरची जागा गेली असती. आकडा चारुदत्तचा ठरला, तर लिहिणाराही तोच आणि चुकीचा वाचणाराही तोच. कंट्रोलरच्या परीक्षेत तो एकदा नापास झालेला होता. आता माइक कायमचा जाणार आणि टेलिप्रिंटरच्या खोलीत तारा फाडत जन्म काढावा लागणार.

आणि मी? माझ्या लेखी जबाबात होतं, की त्या वेळी मी 'अंतर्गत दूरध्वनीवर कामात' होतो. झोलाचा उल्लेख नव्हता. त्या टेलिफोनची टेप होत नसे. स्कोअरबुक पुढे केलं असतं तर पहिला प्रश्न आला असता, की शिकाऊ माणसाची ही खोड तुम्हाला महिनाभर ठाऊक होती, तर तुम्ही काय केलंत? मी घाबरलो होतो. आज वाटतं, तेव्हा मला दुसऱ्या कशाहीपेक्षा माझी बढती प्यारी होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कालिंदीवहिनी आमच्या घरी आल्या. निमित्त तिळगुळाचं. माझी बायको श्यामला चहा करायला आत गेली तशा त्या खुर्चीत पुढे सरकल्या.

"भावोजी, तुम्ही त्याचे मास्तर. तुम्ही म्हणाल ते ते दिल्लीचे साहेब धरतील."

"ते पुराव्यावर चालतात, वहिनी."

"त्या बाबूंचं काय, वर्षभरात घरीच बसणार आहेत. आमचं आत्ता कुठे सुरू होतंय." त्या थांबल्या, मग पदराने चष्मा पुसत म्हणाल्या, "हे बोलू नये, मला कळतं. ह्यांच्या माघारी मला दुसरं काही सुचत नाही."

त्या खरं बोलत होत्या आणि लाजतही होत्या. मला दोन्ही जमत नव्हतं. मी म्हणालो, "बघू." त्या गेल्यावर कपाट उघडून स्कोअरबुक काढलं. तिन्ही चार जागच्या जागी होते, वरचं तोंड जरासं उघडं ठेवून एका झटक्यात काढलेले, स्ट्रिपवरच्यासारखे. ते पाहून मी स्कोअरबुक परत रजयांच्या खाली सरकवलं. श्यामला दारात उभी होती. ती तशीच आत वळली आणि त्या रात्री माझं ताट वाढून ठेवून झोपायला गेली.

तिसऱ्या दिवशी कृष्णमूर्तींनी दोघांना एका टेबलाशी बसवलं आणि कोरे कागद दिले. आधी शून्य ते नऊ सावकाश लिहायला लावलं. दोघांचेही आकडे नीट, इंग्रजी. मग त्यांनी घड्याळ काढून समोर ठेवलं आणि भराभर उंच्या सांगायला लागले, एकामागून एक, आमच्या खोलीत गर्दीच्या वेळी येतात तशा. सहा हजार, नऊ हजार, चार हजार, सात हजार, चार हजार. मी मागे उभा राहून दोन्ही कागद पाहत होतो. निमाईबाबूंची पेन्सिल एका चालीने चालली होती. प्रत्येक चार उघड्या डोक्याचा, प्रत्येक सात कमरपट्टा घातलेला. चारुदत्तच्या कपाळावर घाम होता, पण त्याचेही चार इंग्रजीच उतरत होते. स्वतःवर इतकं लक्ष ठेवून बसलेला माणूस चुकत नाही. मला हायसं वाटलं. हायसं वाटलं याची लाज मला नंतर वाटली, पण तेव्हा वाटलं ते हायसंच.

"शेवटचा," कृष्णमूर्ती म्हणाले. "चार हजार."

निमाईबाबूंनी लिहून पेन्सिल खाली ठेवली. चारुदत्तची पेन्सिल थांबली. त्याने शेजारच्या कागदाकडे पाहिलं, निमाईबाबूंच्या उघड्या डोक्याच्या चारांच्या रांगेकडे. मग त्याने कागदावर वाकून शेवटचा आकडा काढला. सावकाश, रांगोळीच्या रेषेसारखा, आधी वरचं वळण, मग खालचं. घाईत चुकणारा माणूस इतका वेळ घेत नाही. त्याने कागद फिरवून कृष्णमूर्तींपुढे सरकवला.

"घाईत असलो की मी असा लिहितो, सर," तो इंग्रजीत म्हणाला. "मला लिहिल्याचं खरंच आठवत नाही. पण निमाईदांचा चार असा नसतो. मग खोलीत उरतो मी."

कृष्णमूर्तींनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला ठाऊक होतं का, तो असं लिहितो?"

त्यांनी हा प्रश्न सरळ विचारला होता. सरळ उत्तर द्यायची तीही एक संधी होती. मी म्हणालो, "ड्यूटीवर माझ्या पाहण्यात कधी आलं नाही."

यातही खोटं काहीच नव्हतं.

बाहेर आल्यावर चारुदत्त माझ्याबरोबर स्टँडपर्यंत चालला. स्कोअरबुकबद्दल तो एका शब्दाने बोलला नाही. त्याला आठवत असणारच. आपण बोललो तर काका अडचणीत येतील, हे त्याने ओळखलं असणार. बागबाजारची बस समोर दिसू लागली तेव्हा तो म्हणाला, "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, काका. चूक माझा होता."

सवयीने मी तोंड उघडलं. चूक स्त्रीलिंगी. त्याला सुधारायचं तर मला फक्त दोन शब्द म्हणायचे होते: चूक माझी. मी तोंड मिटलं. बस आली आणि तो चढून गेला. त्याचं व्याकरण मी त्या दिवसानंतर कधी सुधारलं नाही.

त्याला टेलिप्रिंटरच्या खोलीत धाडलं. स्वतःहून कबूल केलं म्हणून कृष्णमूर्तींनी अहवालात एक वाक्य घातलं, की वर्षभराने त्याला पुन्हा एक संधी द्यावी. माझ्याबद्दल 'लक्ष क्षणभर विचलित झाले' असा उल्लेख होता, म्हणजे पाच मिनिटांचा क्षण झाला. बढती वेळेवर मिळाली. त्या वर्षभरात ड्यूटी संपली की निमाईबाबू टेलिप्रिंटरच्या खोलीत जाऊन बसत. एकदा मी सहज डोकावलो तर दोघं वापरलेल्या तारांच्या पाठीवर चार काढत होते. निमाईबाबू स्टूलवर बसून उंच्या पुकारत, मध्येच टेबल बडवत, मध्येच मुद्दाम दुसरंच काही विचारत आणि चारुदत्त पळत्या हाताने उघड्या डोक्याचे चार लिहीत जाई. पानंच्या पानं. हे शिकवायला मला नेमलेलं होतं. मी दारातूनच परतलो.

निमाईबाबू सुपरवायझर होऊन १९७५ च्या मार्चअखेर निवृत्त झाले. निरोपाला सामोसे, संदेश नावाची मिठाई, गळ्यात झेंडूचा हार. चारुदत्त आठवडाभरापूर्वीच परीक्षा पास होऊन माइकवर परत आला होता. तो कपांचा ट्रे घेऊन सगळ्यांत फिरत होता. "काका, चहा खाणार?" मी कप घेतला आणि गॅलरीत गेलो. निमाईबाबू तिथे एकटेच उभे होते. हार काढून त्यांनी कठड्यावर ठेवला होता.

"देवस्थळीबाबू," ते म्हणाले, "त्या मॅचला अंपायर मी होतो."

मी कप हाराशेजारी ठेवला.

"स्कोअरबुक तुम्ही घरी नेलंत. तेही मला ठाऊक होतं. कँटीनचा फोनही मी ऐकला होता, मी शेजारीच होतो." त्यांच्या आवाजात राग नव्हता. एखादी जुनी स्ट्रिप वाचून दाखवावी तसे ते सांगत होते. "तीन दिवस मी वाट बघितली. तो मुलगा बोलेल म्हणून नव्हे. तो लहान आहे. तुम्ही बोलाल म्हणून."

"मग तुम्ही का नाही बोललात?" मी विचारलं. प्रश्न विचारण्यात मी कायम पटाईत.

"मी बोललो असतो तर कातडी वाचवायला बोललो, असं झालं असतं. आणि पोराचं नाव माझ्या तोंडून गेलं असतं. तुम्ही त्याचे मास्तर. तुमच्याबरोबर तो अर्धाच बुडाला असता." त्यांनी चहाचा शेवटचा घोट घेतला. "तुमच्या वाटणीचंही त्यानेच उचललं. वर्षभर."

आत कोणी तरी त्यांना फोटोसाठी हाक मारत होतं. त्यांनी हार उचलून पुन्हा गळ्यात घातला आणि दाराकडे वळले. मी त्यांना थांबवलं. मराठीत जे चौदा महिने जमलं नव्हतं ते मी त्यांच्या भाषेत म्हणालो. तिथे लिंग सांभाळावं लागत नाही, तरी माझी जीभ अडखळली.

"भूल आमार." चूक माझी.

"जानि," निमाईबाबू म्हणाले. ठाऊक आहे. मग त्यांनी आत, कप गोळा करणाऱ्या चारुदत्तकडे बोट केलं. "त्याला सांगा."

मी आत गेलो. फोटो झाला. फोटोत मी चारुदत्तच्या शेजारी उभा आहे, त्याच्या खांद्यावर हात ठेवून. त्याला मी अजून सांगितलेलं नाही.